‘नेमबाज’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: पुंगळीचा खांदा आणि थोडं बोलण्याच्या पद्धतीबद्दल

नेमबाज साहेब,

मागच्या लेखात मी सांगितलं होतं, की कंपनीचं साधं .२८० रेमिंग्टन हे रायफलचं काडतूस ‘अ‍ॅक्ली इम्प्रूव्हड’ म्हणजे जरा मोठ्या केलेल्या चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं ती जागा) उडवून त्याची पुंगळी, म्हणजे पितळी कवच, नव्या आकाराची करून घ्यायची, यालाच फॉर्मिंग म्हणतात. त्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "काका, यूट्यूब बघून बंदुकीत हात घालू नका. साधं .२८० रेमिंग्टन इम्प्रूव्हड चेंबरमध्ये उडवलं की हेडस्पेसची वाट लागते, पुंगळीचं बूड तुटतं, लोकांना मारायचंय का?" त्याखाली वेग, अ‍ॅनिलिंग (पितळ तापवून मऊ करणं), खर्च वगैरे बरंच काही.

मुद्द्याला माझी कधीच ना नसते हो, पण अनोळखी माणसाशी बोलायची ही कुठली पद्धत? माझे वडील वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात होते, पितळ म्हणजे ७० टक्के तांबं नि ३० टक्के जस्त हे मला पाढ्यांबरोबर पाठ झालं. इथे कोलोरॅडोत आल्यावर ज्या म्हाताऱ्या गनस्मिथच्या, म्हणजे बंदुकांच्या कारागिराच्या, दुकानात शिकलो त्याच्याकडे इंटरनेटच नव्हतं, तेव्हा यूट्यूबचं मला सांगू नका.

आता हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपासून (चेंबर मागून बंद करणारा दांडा) काडतूस पुढे जिथे अडतं तिथपर्यंतचं अंतर. पी. ओ. अ‍ॅक्ली या अमेरिकी गनस्मिथनी खांदा (पुंगळी गळ्याकडे निमुळती होते तो उतार) ४० अंशांचा केला, मूळ .२८० चा साडेसतरा अंशांचा, आणि अंगाचा उतार कमी केला म्हणून आत जागा वाढली, इथपर्यंत तुम्हालाही मान्य असावं. पण जागा वाढली कुठे? बाजूंना नि खांद्यापाशी. गळा आणि खांदा जिथे मिळतात तिथे चेंबर मूळ गो-गेजपेक्षा (चेंबरची किमान लांबी तपासायचं माप) ०.००४ इंच आखूडच ठेवतात, त्यामुळे कंपनीचं काडतूस तिथे चेपून बसतं, बोल्टची मूठ खाली आणताना शेवटी हाताला जरा जोर लागतो. त्या जोरावरूनच कळतं की हेडस्पेस बरोबर आहे. पुंगळी पुढून धरलेली, मागून बोल्टने धरलेली, ती पुढे-मागे सरकणार कुठे? फुगते ती बाहेर, आणि लांबीला उलट किंचित कमीच भरते. बूड तुटतं ते पुढे फट असली तर, म्हणजे फायरिंग पिन पुंगळीला पुढे ढकलते, पातळ भिंती चेंबरला चिकटतात, जाड बूड मागे बोल्टवर जातं आणि मधलं पितळ ताणलं जातं. बॅरल मागे न घेता नुसता रीमर (चेंबर कोरायचं हत्यार) फिरवणाऱ्या कारागिराकडे हे होतं. मग त्याला बोला ना, मला कशाला?

माझ्या पुंगळ्या मी बघतो. पेपरक्लिपचं टोक वाकवून आत घालायचं आणि बुडापासून वर ओढत आणायचं, आतून खाच पडली असेल तर टोक तिथे अडकतं, बाहेरून त्याच जागी चकचकीत कडं दिसतं. तसं दिसलं की पुंगळी भंगारात. माझ्या अडकत नाहीत, खांद्याची कड नखाला लागते इतकी स्वच्छ येते.

एक मान्य, फॉर्मिंगचा प्रत्येक बार बॅरलच्या आयुष्यातून वजा होतो, हे तुमचं बरोबर. पण मी तेव्हा टार्गेटवर सरावही करून घेतो, म्हणजे फुकट जात नाही. आणि तुम्ही सुचवलेली ती बुलेट न लावता क्रीम ऑफ व्हीट भरून बार काढायची पद्धत, करतात लोक, करू देत, उपम्याचा रवा मी नळीत घालणार नाही.

वेग आकारामुळे वाढतो की प्रेशरमुळे? साम्मीची (काडतुसांची मापं ठरवणारी अमेरिकी संस्था) कमाल मर्यादा .२८० रेमिंग्टनला ६०,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) आणि अ‍ॅक्लीला ६५,०००, ज्याला हिशोब करायचाय त्याने करावा. अ‍ॅनिलिंगवर वेगळा लेख येतोय, त्यात इंग्रजांच्या काळात आपल्याकडे पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेल्या पुंगळ्या अमोनियाने तडकायच्या तो किस्साही आहे, तो वाचा. खर्चाचं म्हणाल तर तुमचा नाही ना होत?

तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, राहू दे, सगळ्यांना दिसू दे. परत लिहिणार असाल तर तुमच्या रायफलचा बोल्ट मूळ काडतुसावर बंद होताना जोर लागतो की आपोआप पडतो तेवढं सांगा, आपोआप पडत असेल तर आधी गनस्मिथला दाखवा, तोवर उडवू नका. आणि काका म्हणू नका.