विमान सव्वा तासाचे

जळगावहून मुंबईला विमानाने किती वेळ लागतो, हा प्रश्न आमच्या अमळनेरच्या घरात निघाला, की सगळे माझ्याकडे पाहतात. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ३५५ किलोमीटर आहे आणि या मार्गावरचे दोन पंख्यांचे एटीआर विमान उंची गाठल्यावर ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास वेगाने उडते. चौथीतले पोरही भागाकार करून ४३ मिनिटे हे उत्तर काढील. वेळापत्रक मात्र सव्वा तासाच्या आसपासचा आकडा दाखवते.

त्याचे कारण असे, की वेळापत्रकातला वेळ चाके हलल्यापासून चाके थांबेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंत सरकत जाणे आले, चढण-उतरण आली, आणि मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्यामुळे एका वेळी एकीवरच काम चालते, म्हणून पाळी येईपर्यंत आकाशात घालाव्या लागणाऱ्या घिरट्याही आल्या. हे सगळे मी आबांना समजावून सांगितले, तेव्हा त्यांना स्टेशनाबाहेरच्या आउटर सिग्नलला खोळंबणारी रेल्वेगाडी आठवली आणि ते एवढेच म्हणाले, "म्हंजे वर बी आउटरलेच उभं ऱ्हानं पडस!"

आबांना घाई नव्हतीच. जळगावच्या विमानतळाचे उद्घाटन २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले आणि लहान शहरे विमानाने जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेतले विमान उडायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. एवढी वाट पाहिलेल्या जिल्ह्याला अर्ध्या तासाचे काय?

खरी परीक्षा जमिनीवर असते. सामानाला १५ किलोची मर्यादा आहे, हे ऐकल्यावर आईने कापूस मोजायचा काटा काढला, बॅग त्याच्या आकड्याला अडकवली आणि काटा १९ वर जाताच ती माझ्याकडे असे पाहू लागली, जणू वजन माझेच वाढले होते. भाकरीसाठीचे कळण्याचे पीठ काढायचे नाही, बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, तर मुळीच नाहीत. शेवटी लोणच्याची बरणी आणि माझे दोन सदरे निघाले. ती बरणी त्याच दिवशी रेल्वेने निघणाऱ्या चुलतभावाकडे गेली, कारण त्याच्या सामानाचे वजन कोणी करणार नव्हते.

धरणगाव, पाळधी, जळगाव असे करत आणि पुढे अजिंठ्याच्या रस्त्याला लागून विमानतळ गाठायला दोन तास गेले. तेथे सामान देण्याची खिडकी उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते, म्हणून आम्ही त्याच्याही तासभर आधी पोहोचलो, आणि मग कळले, की मुंबईहून येणारे विमानच अजून मुंबईत आहे.

विमानात बसल्यावर मात्र तक्रारीला जागा नव्हती. उतरताना खिडकीतून ठाण्याची खाडी दिसली, तेव्हा लक्षात आले, की मला जायचे होते ती डोंबिवली मागेच राहिली. चुलतभावाची गाडी डोंबिवलीच्या अलीकडे, कल्याणला थांबते. मला आधी डोंबिवली ओलांडून पुढे जायचे, पट्ट्यावरून फिरत येणाऱ्या बॅगांमध्ये आपली ओळखायची, आणि मग संध्याकाळच्या गर्दीतून टॅक्सीने तेवढेच अंतर मागे यायचे, अशी योजना होती. या परतीच्या चाळीसेक किलोमीटरांना विमानातल्या ३५५ पेक्षा जास्त वेळ लागला.

घरी पोहोचलो, तेव्हा चुलतभाऊ जेवून पान लावत बसला होता आणि लोणच्याची बरणी गळ्याखाली चार बोटे रिकामी झाली होती.