साखरेचा गोळा झाला म्हणजे दिवस गेले?

“किट कशाला? वाटीत तीन चमचे साखर घ्या, वर सकाळची पहिली लघवी ओता. साखर विरघळली तर काही नाही, गोळा झाला तर गोड बातमी!” हा निरोप माझ्याकडे आतापर्यंत चार ग्रुपांवरून आलाय. खाली टूथपेस्टचा उपाय (लघवीत पेस्ट फसफसली तर दिवस गेले), लक्षणांची यादी आणि शेवटी ‘पन्नास रुपये वाचवा’.

आधी साखर. दिवस गेल्याचं लघवीतून कळतं, पण ते एचसीजी नावाच्या हार्मोनमुळे. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजला की पुढे वार बनणाऱ्या पेशी ते तयार करू लागतात. किटच्या पट्टीवर नेमकं तेच हार्मोन पकडणारे घटक लावलेले असतात, म्हणून रेघ उमटते. साखरेला हार्मोन ओळखता येत नाही. साखर किती, लघवी किती, गरम की गार, एवढ्यावरच ती विरघळते की नाही ते ठरतं. लघवी थोडी आणि साखर भरपूर घेतली तर घरातल्या आजोबांनाही गोड बातमी मिळेल. टूथपेस्टचं तेच: पांढऱ्या पेस्टमध्ये बरेचदा खडूच (कॅल्शियम कार्बोनेट) असतो, आम्लधर्मी लघवीत तो फसफसतो. याच माळेतला ब्लीचचा प्रयोग मात्र कुणी करू नका. लघवी आणि ब्लीच मिळून निघणारा वायू घसा आणि फुफ्फुसं जाळतो.

“कोरड्या ओकाऱ्या आल्या की समजा.” मळमळ बहुतेकींना शेवटच्या पाळीपासून सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, म्हणजे पाळी चुकून दोनेक आठवडे झाल्यावर. काहींना ती होतच नाही. छाती दुखणं, थकवा, चिडचिड तर पाळी यायच्या आधीही असते, कारण दोन्ही वेळी प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढलेलं असतं.

“रक्त गेलं म्हणजे दिवस नाहीत.” यादीतली ही ओळ मला सगळ्यात जास्त खुपते. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारातल्या एकीला थोडाफार रक्तस्राव होतो आणि त्यातल्या अनेकींचं बाळंतपण पुढे नीट होतं. पण गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नलिकेत रुजला असेल तरीही असंच थोडं थोडं रक्त जातं. त्याला पाळी समजून बाई गप्प बसते आणि नलिका फुटली की जीवावर बेततं. पाळी लांबलीय, ओटीपोटात एका बाजूला कळ येतेय, खांद्याचं टोक दुखतंय, चक्कर येतेय, तर किटचीही वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

“किट चुकतं.” चुकतं, घाई केली तर. रुजल्यावर एचसीजी दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं, म्हणून पाळीची तारीख उलटण्याआधी केलेली चाचणी ‘नाही’ म्हणू शकते. आठवड्याने पुन्हा करा. रेघ पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच वाचा, अर्ध्या तासाने कचऱ्यातून काढून नाही. वेळेत उमटलेली फिकट रेघही रेघच असते.

राहिले पन्नास रुपये. गावातल्या आशाताईंकडे सरकारी ‘निश्चय’ किट मिळतं. त्याला पैसे पडत नाहीत आणि घरातली साखरही चहाला राहते.