तोंड किती उघडतं, ते आधी विचारा

तोंडाच्या कॅन्सरला पाच-सहा वर्षं उलटली की आपल्या इंदूरच्या मराठी घरांत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "आता विसरा ते सगळं." दुसरं, "या आजारानं तुम्हाला किती खंबीर केलं हो!" त्यातलं दुसरं जास्त छळतं, कारण एकदा खंबीर ठरलेल्या माणसाला कुरकुर करायची सोयच राहत नाही.

आजारपणातून माणूस वाढतो, हे खोटं नाही. टेडेस्की आणि कॅल्हून या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये ही वाढ मोजायला २१ प्रश्नांची मोजपट्टी काढली. माणसांशी नातं, नव्या वाटा, स्वतःची ताकद, अध्यात्म आणि आयुष्याची गोडी, अशी तिची पाच अंगं. पण वाढ आणि त्रास एकाच माणसात एकाच वेळी नांदतात, हे कौतुक करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. नातवंडांत नव्यानं रमलेल्या आजोबांनाच तपासणीच्या आधीचा आठवडा झोप लागत नाही. शिवाय तोंडाच्या कॅन्सरमध्ये यातल्या बऱ्याच गोष्टी शेवटी जबड्यापाशी येऊन अडतात.

आरशासमोर उभं राहून स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये घालून बघा. जात नसतील तर फूटपट्टीनं मोजा. ३५ मिलिमीटरपेक्षा कमी भरलं तर जबडा आखडलाय असं धरतात. रेडिएशन, म्हणजे इथली 'सिकाई', सहा-सात आठवड्यांत संपते, पण चघळायचे स्नायू त्यानंतर कित्येक वर्षं आतून कडक होत राहतात. ज्यांनी सुपारी-गुटखा खाल्लाय, त्यांचा गाल बऱ्याचदा आधीपासूनच ताठलेला असतो. इथेच लोक फसतात. सहा महिन्यांनी तोंड बरं उघडतंय म्हणून व्यायाम सोडतात आणि तिसऱ्या वर्षी लाडू चमच्यानं कुस्करून खायची वेळ येते.

व्यायामाला महागडं यंत्रच लागतं असं नाही. आइस्क्रीमच्या स्वच्छ लाकडी काड्यांची चळत पुढच्या दातांमध्ये धरायची आणि मधोमध एकेक काडी सरकवत जायची. ताण जाणवला पाहिजे, पण कळ येता कामा नये. सात वेळा ताण, प्रत्येकी सात सेकंद, दिवसातून सात वेळा, ही रुळलेली पद्धत. आधी गालाला कोमट पाण्याचा टॉवेल लावला तर सोपं जातं. दात हलत असतील किंवा जबड्याचं हाड कापलं असेल, तर फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय काडी लावू नका. दर रविवारी काड्या मोजून कॅलेंडरवर आकडा लिहा. दोन काड्या कमी झाल्या तर पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा, कारण कधी कधी त्यामागे आजार परतलेला असतो.

आता पोहे. इंदुरात पोहे बंद करणं म्हणजे सकाळच बंद करणं, आणि त्याची गरजही नाही. आपले पोहे वाफेवरचे, मऊ असतात. अडचण असते ती वरच्या शेवेची आणि जिरावण या भुरभुरायच्या मसाल्याची. शेव कोरडी आणि टोकदार. सिकाईनंतर लाळ कमी होते, आणि लाळेविना तिचा घास बांधला जात नाही, चुरा घशाशी विखुरतो आणि ठसका लागतो. जिरावणातलं तिखट आणि आमचूर पातळ झालेल्या त्वचेला झोंबतात, त्यात आंबटानं दातही झिजतात. घरी पोह्यांवर गोडसर ताजं दही घाला, किंवा शेजारी पातळ कढी ठेवा. भुट्ट्याचा कीस तर दुधात शिजलेला, जणू या लोकांसाठीच केलेला. फक्त मिरची वगळायला सांगा. गराडूचा, म्हणजे तळून मसाला लावलेल्या कंदाचा, मोह मात्र टाळलेलाच बरा. खाऊन झालं की कपभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ घालून चूळ भरा, मग साध्या पाण्यानं. जळजळणारा अल्कोहोलवाला माउथवॉश नको.

दाताचं तर आणखी जपून. सिकाई झालेल्या खालच्या जबड्याला रक्तपुरवठा कमी असतो. तिथली दाढ उपटली तर कधी कधी जखम भरत नाही, हाड उघडं पडतं, आणि हा धोका दहा वर्षांनीही संपलेला नसतो. खुर्चीत बसण्याआधी डेंटिस्टला सिकाई कुठे आणि किती ग्रे (सिकाईची मात्रा मोजायचं माप) झाली ते सांगा. तो आकडा डिस्चार्ज कागदावर असतो, आणि घर बदलताना नेमका तोच कागद हरवतो. फोटो काढून मुलांच्या फोनमध्येही ठेवा.

मानेवर सिकाई झाली असेल तर दर ६ ते १२ महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करायची. थायरॉइड हळूहळू मंदावतं, माणूस सुस्तावतो, रडवेला होतो आणि घरचे म्हणतात, "मनाची तयारीच नाही." बाई, मन कुठून लागणार, गोळी हवीय! मानेच्या गाठी काढलेल्यांचा खांदाही पडतो. वाळत घालायची दोरी आणि वरच्या फळीवरचे डबे हाताच्या उंचीवर आणा, आणि खांद्याचा व्यायामही चालू ठेवा.

राहता राहिली पंगत. आपल्याकडे प्रेम आग्रहानं वाढतात. आजारातून उठलेल्या माणसाचा घास तोंडात फिरत असतो, शेजारचे मठ्ठ्यावर आलेले असतात, आणि वरून कोणीतरी जिलबी घेऊन उभा! दोन-तीन लग्नांत असं झालं की माणूस आमंत्रणंच टाळतो. मग मोजपट्टीवरचं ते पहिलं अंग, माणसांशी नातं, वाढणार कुठे? त्याला कडेची जागा द्या, सगळ्यांच्या आधी वाढा, वरणाची वाटी आणि पाण्याचा पेला उजव्या हाताशी ठेवा. आणि घास तोंडात असताना "कसं वाटतंय आता?" असं विचारू नका, उत्तर द्यायला गेला की घास श्वासनलिकेकडे वळतो.