नाकाचं सोडा, आधी बॅटरी बघा

रिमोटवर उडवायचं फोमचं विमान पडतं तेव्हा आवाज अगदीच फुसका येतो, थप्, बस्स. खरा गोंगाट त्यानंतर सुरू होतो, कारण आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ माळावर, एरवी चिटपाखरू दिसत नाही पण विमान पडलं की झुडपाझुडपांतून माणसं उगवतात आणि शेजारचे काका सगळ्यांत पुढे. ‘किते रे, मोडलें मरे?’ नाक नसलेलं विमान हातात धरून उभ्या असलेल्या माणसाने यावर काय बोलायचं? वर मोपा विमानतळाकडे जाणारं मोठं विमान दाखवून म्हणतात, ते बघ, ते कसं पडत नाही. आता त्या विमानाला घार झडप घालत नाही हे काकांना कोण सांगणार, आमच्या विमानाला घातली, ब्राह्मणी घारीला आपल्या हद्दीत दुसरं कोणी फिरलेलं खपत नाही.

जमलेल्या सगळ्यांना इंटरेस्ट नाकात, पण पहिली बघायची ती बॅटरी. लिपो (म्हणजे लिथियम पॉलिमरची बॅटरी) आपटली की लगेच काही बोलत नाही, आतल्या आत दुखावते आणि कधी कधी बऱ्याच वेळाने फुगून पेट घेते, म्हणून ती काढून घरापासून लांब, उघड्यावर, रेतीच्या बालदीत ठेवायची आणि नजर ठेवायची. फुगलेली किंवा कोपरा चेपलेली असेल तर परत चार्जिंगला लावायची नाही, कितीही महाग असली तरी. आमच्या अंगणातली ती बालदी बघून येणारा-जाणारा विचारतो, यात काय पेरलंय.

मग नाक. विमान ईपीओ फोमचं (थर्माकोलपेक्षा चिवट, लवचिक फोम) असेल तर चेपलेला भाग उकळत्या पाण्यात धरायचा, फोमचे दाणे फुगतात आणि चेहरा बऱ्यापैकी जागेवर येतो. हे मी बायकोला शास्त्र म्हणून नीट समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, पेजेचं आधण ठेवलंय त्यातच कशाला?

तुटलेले तुकडे जोडायचे तर पुढची भानगड अशी की सड्यावरची जांभ्याची लाल माती दाण्यांत जाऊन बसते, मग गोंद मातीला चिकटतो, फोमला नाही. म्हणून आधी ब्रश, मग स्पिरिटचा बोळा. काका म्हणाले फेणी लाव. मग स्वतःच म्हणाले, नको, फुकट जाईल. आणि गोंदावर तर प्रत्येकाचं मत असतं, कोणी म्हणतो सुतारी पांढरा गोंद घे (जाड फोमच्या सांध्यात हवाच जात नाही, वरून सुकतो आणि आत ओला तो ओलाच), कोणी म्हणतो ग्लूगन मार (चिकटतं झकास, पण वजन!), साधा इन्स्टंट ग्लू ईपीओला चालतो, पण थर्माकोलला लावलात तर सांधा राहतो बाजूला आणि तिथे खड्डा पडतो.

हे झालं दिसणारं मोडणं, ते परवडलं. मला भीती असते ती न दिसणाऱ्याची. पंखातली कार्बनची दांडी बाहेरून एकदम चकाचक, हलकेच वाकवून कान लावावा तर कर्र. नाइन ग्रॅमवाला सर्वो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणारी इवलीशी मोटर) रिमोटने हलवला की शहाण्यासारखा फिरतो, आणि एलेव्हेटरवर, म्हणजे शेपटीच्या हलत्या आडव्या पट्टीवर, बोटाने जरा दाब दिला की टक् टक् घसरतो, म्हणजे आतल्या प्लास्टिकच्या गियरचे दात गेले. मोटर हाताने फिरवून शाफ्ट वाकलाय का ते बघायचं. प्रॉपेलरला केसाएवढी चीर असली तरी सरळ फेकून द्यायचा, चिकटवत बसायचं नाही (हे वाक्य आमच्या घरात सगळ्यांना फार आवडतं, त्यांना ते अख्ख्या विमानाबद्दल म्हणायचं असतं). आणि हो, टेस्टिंगला बॅटरी जोडायच्या आधी प्रॉपेलर काढून ठेवा, टेबलावर चुकून थ्रॉटल लागला तर बोटांचं काही खरं नाही.

शेवटी बॅलन्स. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश रुंदीवर, खालून दोन बोटं लावून विमान उचलायचं, ते सपाट राहायला हवं. आमचं शेपटीवर बसलं. शेपटीला लावलेला गोंद आणि टेप दिसायला इत्तुसा, पण शेपूट लांब, तिथे 1 ग्रॅम वाढला की नाकात 2-3 ग्रॅम टाकावे लागतात, आणि घरात शिसं कुठून आणणार? इथे काका कामाला आले. नदीत मासे मारायच्या त्यांच्या पागेराला (फेकून मारायच्या जाळ्याला) खाली शिशाचे मणी असतात, त्यातले थोडे उपसून दिले, स्वतःच नाकात ठोसून बसवले, विमान बोटांवर सपाट राहिलं तेव्हा मिशीत हसले पण.

आता घोटाळा असा झालाय की पागेर एका बाजूने हलका पडलाय, पाण्यात नीट बसत नाही, शेवटे मासे खालून सटकतात म्हणे. दिलेलं परत मागायला काकांची जीभ रेटत नाही. त्यामुळे रोज संध्याकाळी सड्याच्या कडेला येऊन बसतात आणि विमान वर असेपर्यंत नजर हलवत नाहीत. काल ते अगदी सुरेख लँड झालं, तर तोंड पाडून घरी गेले.