म्हणे रेगे म्हणजे गांजा आणि नक्कल!

व्हॉट्सअ‍ॅपवर रेगे या जमैकात जन्मलेल्या संगीताबद्दल एक मजकूर फिरतोय. रेगे म्हणजे गांजा ओढून डोलायचं संगीत, आफ्रिकेतल्या गायकांनी ते जमैकाचा गायक बॉब मार्ले याच्याकडून जसंच्या तसं उचललं, आणि गाण्यांवरच्या बंदीचा गाजावाजा निव्वळ प्रसिद्धीसाठी, असं त्यात ठासून सांगितलंय.

गांजाचं आधी उरकू. दक्षिण आफ्रिकेचा लकी डुबे हा त्या खंडातल्या सर्वांत गाजलेल्या रेगे गायकांपैकी एक. तो गांजा ओढत नव्हता, दारूही पीत नव्हता.

नक्कल? आयव्हरी कोस्टचा रेगे गायक अल्फा ब्लाँडी याने जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनला जाऊन, मार्लेच्या टफ गाँग स्टुडिओत, मार्लेच्याच वेलर्स या वाद्यवृंदाची साथ घेऊन १९८६ चा 'जेरुसलेम' अल्बम केला, हे खरं. पण त्याचं नाव झालं ते त्याआधी, १९८२ च्या 'ब्रिगेडियर साबारी' या गाण्यामुळे. रात्रीच्या पोलिसी धाडीत सापडलेला माणूस जमादारापुढे दयेची भीक मागतोय, असं ते गाणं. तेही द्युलात, म्हणजे तिथल्या बाजारपेठेत चालणाऱ्या बोलीत. ठेका जमैकाचा असेल, पोलिसांचा मार मात्र आयव्हरी कोस्टच्या आबिजान शहरातला आहे.

प्रसिद्धीचा आरोप मला सगळ्यात जास्त झोंबला. डुबे आधी झुलू भाषेत म्बाकांगा, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतलं लोकप्रिय नाचाचं संगीत, गायचा आणि त्या रेकॉर्डी चांगल्या खपत होत्या. कंपनीला रेगे नकोच होतं. तरी त्याने १९८४ मध्ये 'रास्ताज नेव्हर डाय' ही रेगेची रेकॉर्ड गुपचूप ध्वनिमुद्रित केली. वर्णद्वेषी सरकारने तिच्यावर बंदी घातली आणि ती जेमतेम काही हजार खपली. प्रसिद्धीच हवी असती तर चांगलं चालणारं गाणं सोडून हा धोका कोण पत्करेल? पुढच्या रेकॉर्डमध्येही तो रेगेच गायला. लाखांनी खप झाला तो नंतर.

'ते वर्णद्वेषाच्या काळात, आता कुठे तसं?' असंही कुणी म्हणेल. आयव्हरी कोस्टचाच रेगे गायक टिकेन जाह फकोली जिवाच्या धमक्यांमुळे २००३ च्या सुमारास मालीत राहायला गेला. त्याने डिसेंबर २००७ मध्ये डाकारच्या मैफलीत सेनेगलचे अध्यक्ष वाद यांना सत्ता सोडायला सांगितलं. सेनेगल लोकशाही देश, वाद निवडून आलेले. तरीही सरकारने त्याला देशात पाऊल ठेवायला मनाई केली, आणि ती उठायला २०१० उजाडलं.