हिरवा कपडा लावला की शॉट तयार होत नाही

कोल्हापुरात शॉर्टफिल्म करणाऱ्या मुलामुलींच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: भव्य शॉट करायला आता चित्रकार लागत नाही, हिरवा कपडा लावून मोबाइलवर शूटिंग करा, कॅमेऱ्याची मापं सॉफ्टवेअर आपोआप काढतं, चुका नंतर दुरुस्त होतात. आणि एवढंही नको असेल, तर एआयला चार ओळी लिहून द्या. यातली एक गोष्ट खरी आहे. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यात अख्खा शॉट पूर्ण होऊ शकतो. बाकीच्या सल्ल्यांवर विसंबलं तर पैसे आणि दिवस दोन्ही वाया जातात, म्हणून एकेक दावा तपासून बघू.

त्यासाठी एक ठरावीक शॉट समोर ठेवू. १६६०चा पन्हाळ्याचा वेढा, पावसाळी ढगाळ दुपार. नऊवारीतली एक बाई तटावर उभी आहे, खाली धुक्यात सिद्दी जौहरची छावणी पसरलीय. कॅमेरा ५ सेकंदांत १ मीटर उजवीकडे सरकतो. २४ फ्रेमच्या वेगाने हे १२० फ्रेम झाले. तटाचा आठ-दहा फुटांचा तुकडा कोल्हापुरात उभा केलेला, बाकी सगळं नंतर जोडायचं.

‘चित्रकार लागत नाही’

या शॉटचं कन्सेप्ट आर्ट, म्हणजे शूटिंगआधी काढलेलं चित्र, भिंतीवर लावायला काढत नाहीत. क्षितिजरेषा कुठे, प्रकाश कुठून, लेन्स कोणती, तंबू किती लांब, हे त्यात ठरतं. ते ठरलं नाही तर काय होतं ते आकड्यांतच बघा. सुपर ३५ या मापाच्या कॅमेरा-सेन्सरची रुंदी २४.९ मिमी धरली आणि ३५ मिमी लेन्स लावली, तर आडवा कोन सुमारे ३९ अंश येतो. दीड किलोमीटरवर ही फ्रेम साधारण १०६७ मीटर रुंदी पकडते. १९२० पिक्सेलच्या चित्रात एक पिक्सेल म्हणजे अर्ध्या मीटरहून थोडं जास्त. तीन मीटर उंचीचा तंबू तिथे जेमतेम साडेपाच पिक्सेलचा दिसणार. चित्रात मात्र तो सहज ४० पिक्सेल उंच रंगवला जातो. हिशेबाने तो २२ मीटरचा, म्हणजे सात मजली इमारतीएवढा झाला. मग थ्रीडीत छावणी बसवताना प्रमाण बिघडतं, ‘काहीतरी खोटं वाटतंय’ असं सगळे म्हणतात आणि कारण कुणालाच सापडत नाही.

उपाय चित्राच्या टप्प्यावरच करायचा. छावणी ३०० मीटरवर आणली की तोच तंबू सुमारे २७ पिक्सेलचा होतो. किंवा लांब लेन्स घ्यायची. कच्चं स्केच झालं की ते ब्लेंडरच्या कॅमेऱ्यामागे लावावं, साधे ठोकळे रचावेत, १.६५ मीटरची माणसाची आकृती उभी करावी आणि ठरलेल्या लेन्समधून बघावं. ठोकळे चित्राशी जुळेनात तर चित्र बदलायचं. त्यानंतरच रंगकाम.

यातून खर्चही वाचतो. कॅमेरा १ मीटर सरकतो तेव्हा तीन मीटरवरचा तट फ्रेममध्ये ९०० पिक्सेल सरकतो. तीनशे मीटरवरचा तंबू फक्त ९ पिक्सेल सरकतो, तर दीड किलोमीटरवरचा डोंगर दोनसुद्धा नाही. म्हणजे डोंगर सपाट मॅट पेंटिंग (मागे लावायचं रंगवलेलं दृश्य) म्हणून चालतो, छावणी दोन-तीन पातळ्यांत कापून मागे-पुढे ठेवली की पुरे, थ्रीडीची मेहनत तटावर घालायची. तंबूच्या दोऱ्या आणि खुंट्या मॉडेल करत आठवडा घालवायचं कारणच उरत नाही.

आणि हा सल्ला कोल्हापुरात फिरावा याचं वाईट वाटतं. इथल्या सिनेमाचा पाया घालणारे बाबूराव पेंटर आधी नाटकाचे पडदे रंगवत होते. सपाट कापडावर खोली आणि प्रकाश उभा करायचा तो हात त्यांनी पुढे सिनेमात वापरला. आजचं मॅट पेंटिंग तेच काम आहे. इथल्या कला महाविद्यालयांत जलरंगात निसर्गचित्रं करणाऱ्या मुलांना ते लवकर जमतं, कारण अंतर वाढलं की काळा फिका पडतो आणि कडा विरघळतात, हे त्यांच्या नजरेत बसलेलं असतं.

‘कुठलाही हिरवा कपडा चालतो’

चालत नाही. चकाकणारं साटन दिव्याखाली मधेच पांढरं पडतं, सुरकुत्यांच्या सावल्या वेगळा हिरवा देतात. मॅट सुती कापड ताणून लावावं. त्यावरचा प्रकाश कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अर्ध्या स्टॉपच्या आत सारखा हवा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) आणि पडद्याचे दिवे नटीच्या दिव्यांपासून वेगळे हवेत. पडदा आणि नटी यांत किमान अडीच-तीन मीटर अंतर ठेवलं नाही तर हिरवी झाक गालावर आणि खांद्यावर चढते. कोल्हापुरी साजाच्या प्रत्येक सोनेरी मण्यात तर पडदा चक्क दिसतो.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे हिरवा चुडा. कीइंग केलं, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये हिरवा रंग काढून टाकला, की मनगटावर भोकं पडतात. हिरवं नऊवारी असेल तर विचारूच नका. अशा वेळी निळा पडदा लावावा. त्याला प्रकाश जास्त लागतो आणि निळ्या चॅनेलमध्ये नॉइजही (दाणेही) जास्त येतो, हे धरून चालायचं.

मोबाइलचं नेहमीचं रेकॉर्डिंग ४:२:० असतं, म्हणजे चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद. कीइंग रंगावरच चालतं, त्यामुळे केसांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या येतात. १०-बिट ४:२:२, म्हणजे रंगाची जास्त नोंद, देणारा कॅमेरा एक दिवस भाड्याने आणणं परवडतं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून २४ फ्रेमला शटर १/५० ठेवावं, नाहीतर साध्या एलईडीखाली पडदा लुकलुकतो आणि प्रत्येक फ्रेमला कीइंग वेगळं करावं लागतं.

‘मापं आपोआप निघतात’

सॉफ्टवेअर ट्रॅक करतं, म्हणजे कॅमेरा कसा हलला ते काढतं, पण ते दिसणाऱ्या बिंदूंवरूनच. नुसता पॅन असेल, म्हणजे कॅमेरा जागेवरच वळत असेल, तर खोली कळतच नाही. हलणारा पदर, झाडं किंवा पाणी यांवरचे बिंदू खोटा कॅमेरा देतात, ते झाकावे लागतात. मोबाइलचं स्थिरीकरण फ्रेम आतून सरकवतं आणि लेन्स मधेच आपोआप बदलते. मग सगळंच फसतं. दोन्ही बंद करावं. फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करावेत.

सेटवर वहीत लिहायचं: लेन्स, कॅमेऱ्याची उंची, झुकाव, नटीपर्यंतचं आणि पडद्यापर्यंतचं टेपने मोजलेलं अंतर. नटीशिवाय त्याच फ्रेमचं चित्रण, म्हणजे एक क्लीन प्लेट. प्रकाश नंतर जुळवता यावा म्हणून तिच्या जागेवर राखाडी आणि चकचकीत गोळा धरून काही फ्रेम, शिवाय वेगवेगळ्या एक्स्पोजरचे ३६० अंशांचे फोटो. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.

ट्रॅकची सरासरी चूक एक पिक्सेलच्या आत आली तरी लगेच समाधान मानू नये. तटावर चार ठोकळे ठेवून शॉट चालवावा. ते सरकले तर आकडा कितीही चांगला असो, ट्रॅक चुकलेला आहे. लेन्सचा फुगवटा आधी काढायचा, थ्रीडी बसवायचं आणि शेवटी तोच फुगवटा परत द्यायचा. ही पायरी गाळली तर फ्रेमच्या कडेला तट तरंगतो.

‘नंतर दुरुस्त होतं’

काही गोष्टी होतात. प्रकाशाची दिशा होत नाही. चित्रात ढगाळ जुलै असेल आणि शूटिंग मे महिन्याच्या उन्हात, तर नाकाखालची कडक सावली कुठल्याही कॉम्पमध्ये, म्हणजे सगळे थर एकत्र जोडताना, मऊ होत नाही. डोक्यावर मोठं पांढरं कापड ताणणं हा त्यावरचा इलाज आहे आणि तो शूटिंगच्या दिवशीच करता येतो.

कॉम्पमध्ये जे हमखास चुकतं ते असं: नटीतला काळा आणि धुक्यातला काळा एकाच पातळीवर, कडेला अल्फाची (पारदर्शकतेच्या थराची) काळी रेघ, आणि खऱ्या प्लेटवर, म्हणजे शूट केलेल्या चित्रावर, ग्रेन (दाणे) असताना छावणी मात्र गुळगुळीत. रेंडर, म्हणजे थ्रीडीतून अंतिम चित्र काढणं, थेट व्हिडिओत करू नये. एका फ्रेमला २० मिनिटं धरली तर १२० फ्रेमला ४० तास लागतात. वळवाच्या पावसात वीज गेली तर व्हिडिओ फाइल खराब होते. १६-बिट ईएक्सआर या चित्र-फाइलच्या सुट्या फ्रेम असतील तर जिथे थांबलं तिथून पुढे.

‘एआयला चार ओळी लिहा’

पाच सेकंदांची देखणी क्लिप मिळेल. दिग्दर्शक म्हणेल, ‘डावीकडचा एकच तंबू मागे घे, बाकी काही हलवू नको.’ तिथे अडतं. क्लिप सपाट असते, तंबू, धुकं, तट वेगळ्या थरांत नसतात. पुन्हा करायला सांगितलं की नको तेही बदलतं, आणि पुढच्या शॉटमध्ये तटाचे चिरे तेच राहतील याची खात्री नाही. सुरुवातीला कल्पना चाचपायला आणि रोटोचा, म्हणजे आकृती फ्रेमागणिक कापून वेगळी करण्याचा, पहिला कच्चा मास्क काढायला ही साधनं वेळ वाचवतात. तो मास्क मात्र फ्रेम थांबवून थांबवून तपासावा. बोटं, बांगड्या आणि वाऱ्यावरच्या बटा इथे तो सगळ्यांत आधी तुटतो.