उत्तरतत्पर सचिव

गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाकडे येणाऱ्या बहुतेक ई-मेलांना उत्तर न देणे हेच सर्वोत्तम उत्तर असते, हे ज्यांनी कधी सोसायटीचे दप्तर सांभाळले आहे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. गळती, पार्किंग आणि वरच्या गॅलरीतून झटकली जाणारी सतरंजी या विषयांवरच्या तक्रारी थोड्या पडून राहिल्या की आपोआप विरतात, किंवा तक्रारदार आणि आरोपी एकमेकांचे व्याही तरी होतात.

हे शास्त्र ठाऊक नसलेल्या आमच्या चिरंजीवांनी माझ्या इनबॉक्सला एक एआय सहायक जोडून दिला. जोडताना पडद्यावर विचारणा झाली, की आपले सर्व मेल वाचणे, आपल्या नावाने उत्तरे पाठवणे आणि वाटल्यास मेल काढून टाकणे यास आपली संमती आहे काय? एवढे अधिकार कार्यकारिणीने मला कधी दिलेले नाहीत. घरातल्या अधिकारांविषयी तर न बोललेलेच बरे.

गूगलने 2015 साली झटपट उत्तरे सुचवणारी सोय आणली, तेव्हा तिची प्राथमिक आवृत्ती वाटेल त्या मेलला ‘आय लव्ह यू’ सुचवत असे, असे त्यांच्याच संशोधकांनी नोंदवले आहे. थकबाकीदारांना असे उत्तर गेले असते, तर वसुली नाही तरी वार्षिक सभेची गणसंख्या नक्की भरली असती. आमचा सहायक प्रेमात पडत नाही, तो कृतज्ञ होतो. पाण्याच्या टाकीवर पानेच्या पाने लिहिणाऱ्या सभासदाला त्याने ‘मनःपूर्वक आभार, कृपया अधिक तपशील कळवावा’ असे लिहिले, आणि जन्मात प्रथमच कुणीतरी तपशील मागितल्यामुळे त्या गृहस्थांनी तो नकाशासह धाडला.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनीही असाच सहायक नेमल्याचे पुढे उघड झाले, कारण दोघे रात्रभर एकमेकांचे आभार मानत होते. स्वयंचलित उत्तरावर तशी खूण करावी आणि ती खूण दिसल्यास यंत्राने उलट उत्तर देऊ नये, असा संकेत 2004 सालीच लिहून ठेवलेला आहे; परंतु हे सहायक माणसाच्या खात्यातून, माणसाच्याच नावाने लिहीत असल्यामुळे ती खूण करणार कोण?

आता त्याला केवळ मसुदे लिहिण्याची मुभा आहे आणि पाठवण्याचे बटण माझ्या, म्हणजे अत्यंत सुरक्षित, हातात आहे. सभासदांना लागलेली उत्तरांची चटक मात्र सुटलेली नाही. टाकीवाले गृहस्थ हल्ली नकाशाची गुंडाळी घेऊन स्वतःच येतात आणि ‘मेलवर किती आपुलकीने बोलता हो तुम्ही!’ असे म्हणत सोफ्यावर ऐसपैस बसतात.